पहिली किमो: कुठल्या दिवशी काय होतं आणि घरच्यांनी काय करायचं

किमोचे, म्हणजे कर्करोगावरच्या केमोथेरपीचे, दुष्परिणाम सगळे एकदम अंगावर येत नाहीत. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. मळमळ पहिल्या दिवसापासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत, तोंड येणं साधारण आठवड्याभराने, तापाची भीती दुसऱ्या आठवड्यात, केस जायला लागतात ते दोन-तीन आठवड्यांनी. हे आधी ठाऊक असलं की उगाचची घाबरगुंडी टळते, आणि ज्या रात्री खरंच धावायचं असतं त्या रात्री "सकाळी बघू" म्हणून आपण झोपत नाही.

आमच्या घरी हे आजारपण येऊन गेलं. तेव्हापासून इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ओळखीत कुणाकडे निदान झालं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेले: काय न्यायचं, काय खायला द्यायचं, किती त्रास होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टरांचं काम. खाटेच्या अलीकडे, स्टुलावर बसणाऱ्या माणसाचं काम काय, एवढंच इथे आहे.

त्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे रोग्याला बोलतं करणं. आपली माणसं डॉक्टर राऊंडला आले की उठून बसतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "ठीक हूँ." रात्रभर ओकलेली बाई "ठीक हूँ" म्हणते! डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. उलटीवर, तोंडाच्या फोडांवर, दुखण्यावर आज चांगली औषधं आहेत, पण ती न सांगता मिळत नाहीत. तेव्हा एक वही करा आणि रोज लिहा: ताप किती, उलट्या किती, शौचाला किती वेळा, काय खाल्लं, कुठे दुखलं. राऊंडच्या वेळी रोग्याने काहीही म्हटलं तरी तुम्ही वही पुढे करा. आजींना हिंदीत नेमकं सांगता येत नसेल तर वहीचा उपयोग दुप्पट.

भर्ती होण्याआधी

दात आधी दाखवून घ्या. किडलेला दात, हलणारा दात, हिरड्यांतला पू हे सगळं किमो सुरू झाल्यावर महागात पडतं, कारण तेव्हा दात काढणंही धोक्याचं होतं. कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच दातांच्या डॉक्टरकडे जा.

फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: आजाराचं नाव, किमोच्या औषधांची नावं, कितवं चक्र (म्हणजे किमोची कितवी फेरी), शेवटची किमो कुठल्या तारखेला, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या. या पानाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला जाड फाईल चाळायला वेळ नसतो.

आयुष्मान कार्डावर उपचार करणार असाल तर आधारबरोबर समग्र आयडीही (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नोंदणी क्रमांक) जवळ ठेवा. कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता वेगळं कार्ड मिळतं. आपल्याकडे पेन्शनर मंडळी "आम्हाला कुठलं मिळणार" म्हणून चौकशीच करत नाहीत. करा. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तुमच्या उपचारातला कुठला भाग कार्डावर होतो, हे आयुष्मानच्या खिडकीवर भर्तीच्या आधीच विचारा.

डॉक्टरांना पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न असे. या औषधांनी कुठला त्रास जास्त होतो? रक्तपेशी कुठल्या दिवसांत सगळ्यात कमी होतील? ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि रात्री कोण उचलतं? रोग्याला मधुमेह असेल तर हेही विचारा की किमोबरोबर स्टेरॉइड देणार आहात का, कारण त्याने साखर चढते आणि गोळ्या-इन्सुलिन बदलावं लागतं.

एक प्रश्न घरात कुणी काढत नाही. रोगी तरुण असेल, मुलं व्हायची असतील, तर पहिल्या किमोच्या आधीच शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल विचारायला हवं, कारण काही औषधांनी मूल होण्याची शक्यता कमी होते. सासू-सासऱ्यांसमोर हे बोलणं जड जातं. नवरा-बायकोने किंवा मुलाने एकट्याने डॉक्टरांना भेटून विचारावं. नंतर विचारण्यात अर्थ नसतो.

देवास, धार, खरगोन, बडवानीकडून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ठरवावी. दहाव्या दिवशी रात्री ताप आला तर इंदूर गाठायला किती तास लागतात? जास्त लागत असतील तर गावाजवळचं कुठलं रुग्णालय शिरेतून अँटिबायोटिक सुरू करू शकेल, हे इंदूरच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. जमत असेल तर पहिल्या चक्राचा दुसरा आठवडा इंदुरातच नातेवाइकांकडे काढलेला बरा.

आणि डिजिटल थर्मामीटर घ्या. कपाळाला हात लावून "गरम वाटतंय" हे या काळात चालत नाही.

किमोचा दिवस

उपाशीपोटी जाऊ नका आणि भरपेटही जाऊ नका. रोग्याचा ज्या पदार्थावर जीव आहे तो मात्र त्या दिवशी देऊ नका. उलटी झाली की मन त्या पदार्थाशी उलटीची गाठ मारून टाकतं, आणि मग कित्येक महिने त्याचा वास सहन होत नाही. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलबीचा तिटकारा आला तर जगायचं कसं? तेव्हा त्या सकाळी साधी इडली, मऊ भात किंवा दूध-बिस्किट असं काहीतरी द्या.

सैल बाह्यांचे कपडे घालायचे. एसी जोरात असतो, शाल न्या. पाणी पीत राहायचं आणि लघवी अडवून धरायची नाही. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देऊ शकतं, म्हणूनच एवढं सलाईन चढवतात आणि लघवी किती झाली ते विचारतात. मोजायला सांगितलं असेल तर नीट मोजा.

औषध चढत असताना दोन गोष्टींसाठी नर्सला लगेच हाक मारायची. सुई लावलेल्या जागी जळजळ, दुखणं किंवा सूज आली, तर औषध शिरेबाहेर जात असू शकतं. काही औषधं, विशेषतः ते लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, बाहेर गेलं तर कातडी जाळतात. दुसरी गोष्ट म्हणजे अचानक खाज, अंगावर गांधी, चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, धाप किंवा कंबरेत कळ. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांत हे बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होतं. "सिस्टर बिझी आहेत, बाटली संपल्यावर सांगू" हा विचार इथे धोक्याचा. मोठ्याने हाक मारा.

शिरा मिळत नसतील, दर वेळी चार-चार जागी टोचावं लागत असेल, तर पोर्ट किंवा पिक लाइनबद्दल विचारा. पिक लाइन म्हणजे दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी. पोर्ट म्हणजे औषध टोचायची छोटी डबी, ती छातीच्या कातडीखाली बसवतात. खर्च आहे, पण लांबच्या उपचारात हाताची चाळण होत नाही.

लाल औषधानंतर एखाद-दोन दिवस लघवी लालसर किंवा केशरी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. ऑक्झालिप्लॅटिन मिळत असेल तर पुढचे काही दिवस थंड काहीच नको: फ्रिजचं पाणी नको, बर्फ नको, थंडीच्या सकाळी नळाच्या पाण्यात हातसुद्धा नको. थंड लागलं की बोटांत करंट बसल्यासारखं होतं आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. डिसेंबरात या औषधावर असलेल्यांनी हातमोजे आणि मफलर काढूच नये.

किमोनंतर साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असतो. संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. उलटीचं भांडं किंवा घाण झालेली चादर उचलताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा. गरोदर सुनेला हे काम देऊ नका. रोग्याजवळ बसायला, हात धरायला, एका ताटात वाढायला काहीच हरकत नाही. नातवाला लांब ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्याची गरज नसते, नातवाला सर्दी-ताप नसला म्हणजे झालं.

पहिले पाच दिवस: मळमळ

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. चिठ्ठीवर "सकाळ-संध्याकाळ तीन दिवस" लिहिलंय तर बरं वाटत असलं तरी तीन दिवस घ्यायची. पहिल्या चोवीस तासांची मळमळ थांबली तरी दुसऱ्या ते पाचव्या दिवशी ती पुन्हा येते, आणि एकदा जोर धरला की आवरणं कठीण जातं. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट ही नावं चिठ्ठीवर दिसतील. ओलँझापिनही दिसेल. मोबाइलवर शोधलंत तर ते मानसिक आजाराचं औषध असल्याचं कळेल आणि घरात कुजबूज सुरू होईल. ते उलटीवरही चांगलं चालतं, म्हणून दिलेलं असतं. त्याने झोप येते, म्हणून सहसा रात्री घेतात, आणि पहाटे बाथरूमला जाताना म्हाताऱ्या माणसाला धरून न्यावं लागतं.

डेक्सामेथासोनने झोप उडते, उचक्या लागतात, चिडचिड होते. हेही सांगायचं असतं. शेवटची गोळी दुपारी चालेल का ते विचारा.

स्वयंपाकघराकडे वळू. रोग्याला जेवणापेक्षा जेवणाचा वास जास्त छळतो. फोडणी, कांदा-लसूण, कुकरची वाफ. स्वयंपाक होताना त्याला गॅलरीत किंवा दारं लावून दुसऱ्या खोलीत बसवा. गरम वाफाळतं ताट देण्यापेक्षा कोमट किंवा निवलेलं द्या, त्याला वास कमी येतो. दोन वेळची ताटं विसरा. दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी: मुगाचं कढण, तूप-मीठ घातलेली भाताची पेज, मऊ खिचडी, आमसुलाचं सार, साळीच्या लाह्या, कोरडं टोस्ट. आपल्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस इथे फार उपयोगी पडतो. दुधात शिजतो, मऊ असतो, मिरची कमी घातली की तोंडालाही लागत नाही. पाणी जेवणाबरोबर ढसाढसा नको, मधल्या वेळात घोट घोट.

तोंडात लोखंडासारखी चव येते अशी तक्रार बरेच जण करतात. स्टीलचा चमचा बदलून बघा. लिंबू, आमसूल, थोडा आल्याचा कीस यांनी चव येते, मात्र तोंडात फोड असतील तर आंबट नको.

"अगं, दोन घास तरी खा" यावरून घराघरांत भांडणं होतात. त्या चार-पाच दिवसांत दोन पोळ्या कमी गेल्या तर बिघडत नाही. पाणी पोटात राहायला हवं. पूर्ण दिवस घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, तर रुग्णालय गाठा. तिथे सलाईन आणि शिरेतून उलटीचं औषध मिळतं, बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं.

बद्धकोष्ठ होतं याची कुणी कल्पनाच देत नाही. उलटीच्या गोळ्यांनी होतं, व्हिंक्रिस्टिनने होतं, दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने तर हमखास होतं. तीन दिवस पोट साफ नसेल तर सांगा, पातळ औषध मिळतं. इसबगोल घ्यायचं तर त्यावर भरपूर पाणी जायला हवं, पाणी जात नसताना ते उलट अडकतं. एनिमा मात्र घरी कधीच देऊ नका. उलट जुलाब लागले, रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त झाले, तर ओआरएस सुरू करून फोन करा. इरिनोटिकॅन आणि कॅपेसिटाबिन या किमोच्या औषधांत जुलाब झपाट्याने वाढू शकतात.

दुसरा आठवडा: ताप

हा भाग दोनदा वाचा.

किमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. त्यामुळे बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. रिपोर्टवर एएनसी लिहिलेलं असतं, तो जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा आकडा. तो ५०० च्या खाली गेला की साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. फसवी गोष्ट अशी की लढायला पेशीच नसल्यामुळे पू, सूज, कफ यांपैकी काही दिसत नाही. एकट्या तापाने कळतं.

म्हणून आकडा पाठ करा: १००.४ फॅरनहाइट. थर्मामीटरवर तो किंवा त्याहून वर दिसला की लगेच फोन, आणि रुग्णालय. रात्र असो, रविवार असो, दिवाळी असो. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू नका. ताप उतरतो आणि जंतू आत पसरत राहतो, तिकडे डॉक्टरही फसतात. शिरेतून अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हावं असा नियम आहे. कॅज्युअल्टीत पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हे: "कीमो चल रही है, दसवाँ दिन है, बुखार है." नुसतं "बुखार है" म्हणालात तर रांगेत बसवतील. ताप नसतानाही हुडहुडी भरली, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं, धाप लागली, लघवीला जळजळ झाली, तरीही जायचंच. गाडी नसेल तर १०८.

काही जणांना पेशी वाढवण्याचं इंजेक्शन पोटावर किंवा दंडात देतात, फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम. त्याने कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. आजार हाडांत गेला असं समजून रात्र रडत काढू नका. डॉक्टरांना विचारून साधी वेदनाशामक गोळी चालते, मात्र ती घेण्याआधी ताप मोजा.

या आठवड्यात घराचा शिरस्ता बदलायचा. घरातला प्रत्येक जण बाहेरून आला की हात साबणाने धुणार. पाणी उकळून गार केलेलं, नर्मदेचं असो की बोअरिंगचं. कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, चटण्या बंद. केळं, संत्रं, पपई अशी सालाची फळं धुऊन घरी सोलून. अंडं पूर्ण उकडलेलं. दही-ताकाबद्दल डॉक्टरांची मतं वेगळी असतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा. शिळं काही नको. सराफा आणि छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्ल्यांतून काहीही आणायचं नाही, "थोडंसं, चवीपुरतं" हेसुद्धा नाही. एरवी मी स्वतः सराफ्याची भक्त आहे, पण हा आठवडा गेल्यावर बोलू.

गर्दीचंही तेच. गणपतीत दहा दिवस घरात माणसांची ये-जा असते, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक म्हणजे गेर. तारीख दुसऱ्या आठवड्यात येत असेल तर रोग्याने गणपतीचं दर्शन आणि गेर दोन्ही टीव्हीवर बघायचं. भेटायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे आजाऱ्याला न भेटणं म्हणजे माणुसकी सोडणं असं मानतात, आणि सर्दी झालेले मामासुद्धा डबा घेऊन हजर होतात. दारावर कोणी तरी कडक माणूस बसवा. आमच्याकडे ते काम नणंदेने केलं आणि अजून दोन घरं तिच्याशी बोलत नाहीत.

रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, त्याही याच सुमारास कमी होतात. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, काळी शौच दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घ्यायचं नाही, गल्लीतल्या डॉक्टरकडून कंबरेत इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. प्लेटलेट चढवायची वेळ आली तर रक्तपेढीतून दाता मागतात. एकाच दात्याच्या यंत्रावर काढलेल्या प्लेटलेटना एसडीपी म्हणतात, त्याला दोनेक तास लागतात. अशा दोघा-तिघांची नावं-नंबर रक्तगटासह आधी काढून ठेवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐन वेळी टाकलेल्या मेसेजला शंभर नमस्कार येतात, दाता येतोच असं नाही.

गुळवेलीचा काढा, कुणी पाठवलेली पुडी, गोमूत्र अर्क. प्रत्येक घरात कुणीतरी आणून देतं आणि प्रेमानेच देतं. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत, आणि यकृत बिघडलं की किमो पुढे ढकलावी लागते. वरणातली हळद चालू द्या. बाकी काहीही तोंडात जाण्याआधी पाकीट डॉक्टरांना दाखवा. देणाऱ्याचं मन राखायला पुडी घ्या आणि कपाटात ठेवा.

तोंड, हात-पाय, केस

तोंडाचा त्रास सुरू होण्याआधीच काळजी सुरू करायची. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, जेवणानंतर आणि झोपताना नक्की. हे पाणी रोज ताजं करा. लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. रतलामी शेव, फरसाण, कडक भाकरीचे कोपरे बंद, मऊ काहीही चालतं. फोडांमुळे पाणी गिळता येत नसेल तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं औषध मिळतं, मागा. जिभेवर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं. तंबाखू, सुपारी, गुटखा यांबद्दल लिहायला नकोच, पण वॉर्डाबाहेर नातेवाईक रोग्याला पुडी देताना दिसतात, म्हणून लिहिलं.

पॅक्लिटॅक्सेलनंतर दोन-तीन दिवसांनी सांधे आणि पोटऱ्या मोडून येतात, काही दिवसांत कमी होतं. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा मात्र चक्रागणिक वाढत जातो. साडीच्या निऱ्या बोटांत धरता येत नाहीत, कुर्त्याचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, असं असेल तर पुढच्या किमोच्या आधी सांगायलाच हवं. डोस कमी करता येतो. न सांगता रेटलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, तिथे युरियाचं किंवा साधं मलम भरपूर लावा आणि गरम पाण्याची भांडी घासणं सोडा.

केसांबद्दल थोडक्यात. सगळ्या औषधांनी जात नाहीत, तुमच्या औषधाने जातील का ते विचारा. जाणार असतील तर आधीच बारीक कापून घेतलेले बरे, उशीवर पुंजके बघणं फार जड जातं. शेवटच्या किमोनंतर दोन-तीन महिन्यांत परत येऊ लागतात, कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे. डोकं झाकायला मऊ सुती रुमाल पुरतो. माळव्याच्या मे महिन्यात विगखाली डोकं उकडतं. कुंकू, मंगळसूत्र, डोक्यावरचा पदर यांबद्दल नातेवाईक काहीबाही बोलतात. त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

एका पायालाच सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप आणि छातीत कळ असेल तर थांबू नका. कर्करोगात रक्ताच्या गाठी होण्याची शक्यता वाढलेली असते.

थकवा झोपून जात नाही, हे या थकव्याचं विचित्रपण. अंगणात किंवा कॉलनीच्या बागेत सकाळी दहा-पंधरा मिनिटं चालल्याने तो थोडा हलका होतो. हिमोग्लोबिन कमी आहे का तेही बघून घ्या.

मन

रोगी गप्प होतो, भिंतीकडे तोंड करून पडतो, "मला सोडा आता" म्हणतो. देवाचं नाव घे म्हणून हे नेहमी निभत नाही. कर्करोग विभागात समुपदेशक आहेत का विचारा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोन फुकट आहे आणि रोग्याने तसाच सांभाळणाऱ्यानेही करावा. स्टुलावर बसणाऱ्या माणसाची पाळी लावा. एकच सून किंवा एकच मुलगी रात्रंदिवस असेल तर दुसऱ्या चक्रात तीच आजारी पडते. रात्रपाळी पुरुषांनीही करावी. वॉर्डात बायकांना आत सोडतात आणि पुरुष चहाच्या टपरीवर उभे असतात, हे दृश्य मला अजिबात आवडत नाही.

पुढच्या चक्राआधी

किमोच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रक्त तपासतात. पेशी कमी असतील तर किमो आठवडाभर पुढे जाते. यात घाबरण्यासारखं नसतं, आणि "काही करून आजच द्या" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचं नसतं. वही बरोबर न्या. मागच्या वेळी उलट्या आवरल्या नव्हत्या तर तसं सांगा, या वेळी आधीपासूनच औषध वाढवतात. किमोचं नाव काढलं किंवा रुग्णालयाचा जिना दिसला तरी मळमळायला लागलं, तर तेही सांगा. ते नाटक नसतं, त्यावरही गोळी आहे.

मध्येच सल्ल्यासाठी किंवा रेडिएशनसाठी मुंबईला टाटामध्ये जावं लागलं तर रेल्वेत सवलत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रोग्याला स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण, तर बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर रुग्णालयाच्या डॉक्टरांची सही-शिक्का लागतो, आणि तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन काढावं लागतं. अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोचते, झोपून जाता येतं. खालचा बर्थ मागा, उकळलेलं पाणी आणि थर्मामीटर हातातल्या पिशवीत ठेवा, आणि तारीख शक्यतो किमोनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली घ्या.